ऐकाय येतंय, पर कळंना

आषाढात करूळ घाटात धुकं उतरलं की दहा हातांवरचे दिवे दिसत नाहीत. अशा वेळी वैभववाडीकडून चढणारे ट्रकवाले काय करतात ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वळणाआधी गाडी दरडीच्या बाजूला दाबायची, काच खाली करायची आणि क्लीनरने डोकं बाहेर काढून कान द्यायचा. वरून हॉर्न वाजतो. तोच हॉर्न शेजारच्या दरडीवर आपटून येतो, मागाहून समोरच्या कड्यावरून येतो, दरीतून घुमतही येतो. तरी क्लीनर सांगतो, "वरनं येत्याय. एष्टी हाय." आणि खरोखरच वरून एसटी येते.

हे त्या पोराला कसं कळलं, या प्रश्नावर माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. हा फरक जास्तीत जास्त किती, तर एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले सुमारे साडेसहाशे. सरावलेला कान अशा दहा भागांचाही फरक धरतो. जवळच्या दरडीवरून परतलेला आवाज काही सहस्रांश सेकंदांनी उशिरा येतो आणि मेंदू तो वेगळा म्हणून ऐकूच देत नाही; जो आधी आला त्याची दिशा खरी मानतो आणि मागचे त्यात मिसळून टाकतो. अमेरिकेत हान्स वॉलाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांत गाड्या चालवणाऱ्यांनी ते कधी वाचलेलं नाही, पण त्यावर जीव टाकून ते वाहनं चालवतात.

पुढच्या पानांचा विषय हा आहे: माणूस ऐकतो म्हणजे काय करतो, आणि ते शोधणारी माणसं काय करत होती. गगनबावड्याच्या घरात बसून मी ही प्रस्तावना लिहितो आहे. बाहेर पाऊस चालू आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात चार महिने ऐकणं हे कष्टाचंच काम असतं. पत्र्यावर पाऊस कोसळताना स्वयंपाकघरातून ओसरीवर हाक पोचत नाही, आणि तरीही त्या माऱ्यातून गोठ्यातल्या म्हशीचं रेकणं घरातल्या बाईला बरोबर ऐकू येतं. कान उघडा ठेवला की आवाज आत येतो आणि झालं, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. ऐकणं म्हणजे सतत चाललेली निवड. तिची यंत्रणा जिवंत असते, थकते आणि मरते. मला या प्रस्तावनेत मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, आणि त्यासाठी सुरुवात सांगलीपासून करावी लागेल.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर. जमिनीची मोजणी, सारा, दप्तर यांत आयुष्य गेलेल्या या माणसाने उतारवयात मोजायला घेतले ते स्वर. १९१० मध्ये त्यांचं हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापलं गेलं. श्रुती म्हणजे स्वरांमधला बारीक फरक; तो नेमका किती, हा प्रश्न जुना होता. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन सारख्या वीणा घेऊन एक जशीच्या तशी ठेवायची आणि दुसरीचा पंचम किंचित उतरवायचा, असा प्रयोग सांगितला आहे. तो किंचित म्हणजे किती, हे भरताने आकड्यात सांगितलेलं नाही. ते कानावर सोपवलं आहे. देवलांना तो आकडा हवा होता.

त्यांच्या हाताशी दोन गोष्टी होत्या. एक, मोजपट्टीवर ताणलेली तार. दुसरी, अब्दुल करीम खाँ यांचा गळा. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण त्यांचं घर आणि पुढे कबरही मिरजेतच झाली. ते स्वर लावत, देवल त्या स्वराशी तार जुळवत आणि तारेची लांबी मोजत. नव्वद सेंटिमीटरची मोकळी तार षड्ज धरली तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार बहात्तर सेंटिमीटरवर लागतो. पंचमामागून पंचम घेत गेलं तर येणारा गांधार एकाहत्तर सेंटिमीटरच्या जरा पुढे. या दोन गांधारांमध्ये तारेवर नऊ मिलिमीटरही अंतर नाही. षड्ज २४० कंपनांचा धरला तर पहिला गांधार ३००चा, दुसरा पावणेचार कंपनांनी चढा. आणि बाजारातल्या पेटीचा गांधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी, कोणाच्याच घरचा नसलेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. देवलांचं नाव आपल्याकडे संगीतशास्त्राच्या इतिहासात येतं, तेही बहुधा श्रुतींच्या वादातला एक पक्षकार म्हणून. पण ते प्रत्यक्षात काय करत होते ते पाहा. तार खुंटीने किंवा घोडीने सरकवत न्यायची आणि ऐकणारा "हं, लागला" म्हणेल तिथे थांबायचं. मापन कशाचं झालं? तारेचं नव्हे. तार ही पट्टी होती. मोजला गेला तो कान, एका असामान्य गवयाचा आणि शेजारी बसलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचा. श्रवणसंवेदनेच्या प्रयोगशाळांत आजही हीच रीत वापरतात: ऐकणाऱ्याच्या हाती बटण द्यायचं, दोन स्वर सारखे वाटेपर्यंत फिरवायला सांगायचं आणि तो कुठे थांबतो ते टिपून ठेवायचं. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात हे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालं. आपण त्याला चुकीच्या कपाटात ठेवलं असं माझं मत आहे.

देवलांना साथ मिळाली ती अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस न्यायाधीशाची. त्यांनी १९१३ मध्ये भारतीय संगीतावर पुस्तक लिहिलं आणि बावीस श्रुतींची पेटी लंडनमध्ये बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली तेव्हा वाद झाला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती पटली नाही. कोण बरोबर, हा झगडा नंतर दशकानुदशकं चालला. मला वाटतं, दोन्ही बाजू एकाच ठिकाणी अडखळल्या. स्वर म्हणजे तारेवरचा एक बिंदू, असं दोघांनीही धरलं होतं. १९६३ मध्ये नाझिर जयराजभॉय आणि स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांतले स्वर यंत्राने मोजले तेव्हा एकाच रागातला एकच गांधार निरनिराळ्या कलावंतांकडे निरनिराळ्या जागी सापडला. तरीही ऐकणाऱ्याला तो गांधारच वाटत होता. कान एकाच वेळी दोन कामं करतो: केसाएवढा फरक धरतो, आणि हातभर फरक माफ करून "हा तोच" असं म्हणतो. दोन्ही कामं खरी आहेत. देवलांनी पहिलं मोजलं; दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे पट्टी नव्हती आणि ती कुणाकडेच नव्हती.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर तंबोऱ्याच्या जवारीबद्दल दोन ओळी. भीमेकाठचा भोपळा, त्यावर सपाटशी, किंचित गोलाई दिलेली घोडी, आणि तारेखाली सरकवलेलं सूत. मिरजेचा कारागीर हे सूत नखाने रेसभर पुढेमागे करतो, कान लावतो, पुन्हा करतो. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि बोलायला लागते. खर्जातून गांधार आणि पंचम मोकळे होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू असतो ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत. या वाद्यांत ते उमटतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे तबला आणि मृदंग यांच्या शाईवरही त्यांनी काम केलं. प्रकाशाच्या विखुरण्यासाठी नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाने तरुणपणी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनेवरचा १८६३ चा ग्रंथ जीव लावून वाचला होता. पण रामन यांचं लक्ष वाद्यावर होतं. कानाच्या आत जायला दुसराच माणूस लागला.

ग्योर्ग फॉन बेकेशी बुडापेस्टमध्ये १८९९ साली जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर मोडकळलेल्या हंगेरीत बरी उपकरणं होती ती टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत, म्हणून तो तिथे लागला. काम साधं होतं: टेलिफोनच्या तारा तपासणे. त्यातून त्याने विचारलं की टेलिफोन सुधारायचा तर किती सुधारायचा? कान स्वतः किती चांगला आहे, हे कळल्याशिवाय त्यापुढे खर्च करणं व्यर्थ. एका तारखात्याच्या हिशेबी प्रश्नातून तो कानात शिरला आणि शेवटपर्यंत बाहेर आला नाही.

अंतर्कर्णातला शंख कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात दडलेला असतो. अडीच वेढे, उलगडला तर लांबी सुमारे पस्तीस मिलिमीटर. त्यात द्रव आणि द्रवात लांबवर ताणलेला पातळ पडदा. बेकेशीने मृतांचे कान मिळवले, पाण्याखाली हाड कोरलं, पडद्यावर चांदीचे बारीक कण टाकले, आवाज सोडला आणि लुकलुकत्या दिव्याखाली सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पडद्यावरून लाट धावत होती. चढा स्वर शंखाच्या दाराशीच लाट उंचावतो, खर्ज आत टोकापर्यंत नेतो. म्हणजे स्वराला कानात पत्ता असतो. हत्तीपासून उंदरापर्यंत अनेक प्राण्यांच्या कानांत त्याने हे पाहिलं. १९४७ नंतर हार्वर्डमध्ये आणि शेवटी हवाईत त्याने काम केलं. १९६१ साली त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं. शरीराच्या एका अवयवाची इतकी धीराची, इतकी हातांनी केलेली तपासणी विज्ञानाच्या इतिहासात मला फारशी आढळलेली नाही.

पण ते कान मेलेले होते. आणि लाट दिसावी म्हणून आवाज प्रचंड मोठा ठेवावा लागे. त्या लाटेचा उंचवटा पसरट होता, इतका की त्यावरून देवलांचे दोन गांधार वेगळे ओळखणं अवघड. खाँसाहेबांच्या कानात मात्र ते वेगळे होते. मग मधला फरक कुठून आला?

उत्तराचा अंदाज १९४८ सालीच टॉमस गोल्ड नावाच्या केंब्रिजमधल्या तरुणाने बांधला होता. त्याचं म्हणणं: द्रवात बुडालेला पडदा नुसता हलू दिला तर घर्षणाने लगेच थंडावेल. इतकं बारीक ऐकायचं तर कानाने स्वतःची शक्ती घालून त्या हलण्याला जोर द्यायला हवा. आणि कान स्वतः कंप पावत असेल तर कधी कधी त्यातून आवाज बाहेरही यायला हवा. त्याचं कोणी ऐकलं नाही. तीस वर्षं गेली. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानाच्या भोकात बारीक मायक्रोफोन ठेवला, एक टिकटिक सोडली आणि काही सहस्रांश सेकंदांनी कानातून परत आलेला आवाज टिपला. कान ऐकता ऐकता बोलत होता. आज मोठ्या रुग्णालयांत झोपलेल्या नवजात बाळाची श्रवणचाचणी याच आवाजावरून होते; बाळाला काही विचारावं लागत नाही.

ही शक्ती घालणाऱ्या पेशी कोणत्या, तेही पुढे उलगडलं. शंखात सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी असतात. मेंदूला बातमी कळवतात त्या या. बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी दाखवलं की या बाहेरच्या पेशी विजेच्या इशाऱ्यावर आखूड-लांब होतात, म्हणजे अक्षरशः ताल धरतात. पडद्याला नेमक्या जागी उचलून धरतात, मंद आवाज मोठा करतात आणि शेजारच्या स्वरापासून आपला स्वर तोडून वेगळा करतात. पावसातून म्हशीचा आवाज निवडणाऱ्या आणि गांधारातून गांधार वेगळा काढणाऱ्या त्या या. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच. गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आणि म्हातारपणात किंवा फार गोंगाटात आधी जातात त्या याच, तेही शंखाच्या दारापाशी असलेल्या, म्हणजे चढ्या आवाजाच्या.

आता मी माझ्या आत्तीबद्दल सांगतो, कारण या विषयाकडे मी तिच्यामुळे आलो. आत्ती आज ऐंशीच्या पुढे आहे. सगळा जन्म गगनबावड्यात, गगनगडाच्या पायथ्याशी. आठ-दहा वर्षांपूर्वी ती म्हणायला लागली, "आरं, ऐकाय येतंय की. पर कळंना." घरातल्यांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावला. कोणी म्हणालं, लक्ष नसतं. कोणी म्हणालं, हवं तेव्हा बरं ऐकू येतं. सगळे तिच्याशी ओरडून बोलू लागले, आणि ओरडलं की ती चिडायची, "वरडतोस कशाला, भैरी न्हाई म्या!"

ती अक्षरशः खरं सांगत होती. बाहेरच्या केशपेशी गेल्या की नुसता आवाज कमी होत नाही, आवाजातली धार जाते. शब्दाचा जोर स्वरांत असतो. आ, ओ, ए हे खालच्या पट्टीत आणि मोठे असतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो, आणि स, श, च, त, थ ही बारीक, चढ्या पट्टीतली, क्षणात संपणारी. "सात" आणि "साठ" यांतला "आ" तिला स्वच्छ पोचतो. फरक करणारा शेवटचा कण निसटतो. आपण ओरडतो तेव्हा "आ" आणखी मोठा होतो, निसटलेला कण निसटलेलाच राहतो. तिच्या एका वाक्यात बेकेशी, गोल्ड आणि ब्राउनेल यांचं काम सामावलं होतं, आणि आम्ही इतकी वर्षं तिला हट्टी ठरवत होतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

कोल्हापूरला नेऊन तपासणी केली, कानाचं मशीन घेतलं. शांत खोलीत ते उपयोगी पडतं. पावसात मात्र मशीन पाऊसही मोठा करतं; निवड करणारी पेशी त्यात नसते. आत्ती आषाढ लागला की ते काढून कपाटात ठेवते, आणि त्याबद्दल तिला बोल लावायचा कुणाला अधिकार नाही.

ज्यांच्या केशपेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी शंखात थेट विजेची तार बसवण्याची वाट निघाली. ग्रॅम क्लार्क यांनी मेलबर्नमध्ये १९७८ साली अनेक अग्रं असलेलं आपलं पहिलं रोपण केलं. आपल्याकडे मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांवर काम करते आहे. क्लार्क यांच्या परंपरेतल्या त्या रोपणाला बावीस अग्रं असतात. श्रुतींशी जुळणारा हा आकडा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही, कारण त्या बावीस अग्रांवर जन्मतः बहिरं मूल बोलायला शिकतं, शाळेत जातं, फोनवर आजीशी बोलतं. पण देवलांचे दोन गांधार त्याला वेगळे ऐकवणं अजून जमलेलं नाही. बोलण्याला ढोबळ आवाज पुरतो. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी बोलणं अवघ्या चार पट्ट्यांत दळून ऐकवलं, तरी लोकांना वाक्यं कळली. स्वराला ते पुरत नाही. बारा हजार पेशींचं काम बावीस टोकांना येत नाही.

मग बोलणं इतक्या थोडक्यावर कळतं कसं? कारण उरलेलं मेंदू भरून काढतो. पुढे काय येणार हे त्याला आधी ठाऊक असेल तर निसटलेला कण तो आपला आपण घालतो. धुक्यातला क्लीनर एसटीच्या हॉर्नची वाट पाहत असतो, म्हणून त्याला तो सापडतो. म्हणून पुढच्या पानांत कानाबरोबर ओळखीबद्दल, अपेक्षेबद्दल, भाषेबद्दलही बरंच येईल. हे वाचून वाचकाने घरातल्या थोरांशी बोलायची रीत बदलली तरी मला या शास्त्राचा उपयोग झालेला दिसेल.

ती रीत मी शिकलो ती अशी. दोन दिवसांपूर्वी बाजाराला निघालो होतो. पत्र्यावर पाऊस चालूच होता. मी आत्तीच्या समोर, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडेल असा बसलो. ओरडलो नाही. आधी एकच शब्द म्हटला, "बाजार." ती माझ्या ओठांकडे पाहत होती. तिने मान हलवली. मग म्हटलं, "बाजारातनं काय आणू, आत्ती?"

"आसं म्हण की," ती म्हणाली. "कोथमीर आण. आन् आलं. ह्या पावसात च्या प्यायला आलं पायजे."

गगनबावडा, आषाढ